वनस्पतींची डिजिटल वही: कुल, प्रजाती, जाती लावायच्या कशा

रुई कुठल्या कुलातली? घरातलं जुनं पुस्तक उघडलंत तर उत्तर मिळेल ॲस्क्लेपिएडेसी. आजचा कुठलाही चांगला संदर्भ पाहिलात तर ॲपोसायनेसी, म्हणजे सातवीण आणि कुडा ज्या कुलात आहेत तेच. दोन्ही उत्तरं आपापल्या काळात बरोबर. वही अशी बांधायची की दोन्ही उत्तरं तिच्यात सुखाने नांदतील.

माझ्या पहिल्या वहीला ते जमलं नाही. प्रत्येक जातीच्या पानावर मी कुलाचं नाव हाताने लिहीत असे. रुईचा गट हलवायची वेळ आली तेव्हा चाळीसेक पानं एकेक उघडून दुरुस्त केली, तरी काही सुटलीच. पुढे कित्येक महिने रुईच्याच गटातली माझी निम्मी कंदीलपुष्पं एका कुलात मोजली जात होती आणि निम्मी दुसऱ्यात. शेवटी ती वही मोडून नव्याने बांधली. आज तिच्यात सह्याद्रीत पाहिलेल्या साडेसहाशे जाती आहेत आणि असा बदल काही मिनिटांत आटोपतो. तुम्ही वही आत्ता सुरू करत असाल, तर माझा गेलेला वेळ तुमचा जाऊ नये एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मी ऑब्सिडियन वापरतो, म्हणून उदाहरणं त्यातली आहेत. पानाला पान जोडता येईल असं दुसरं कुठलंही ॲप चालेल. आणखी एक, शास्त्रीय नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, पण वहीत ती रोमन लिपीतच ठेवा. सगळे संदर्भ त्याच लिपीत आहेत आणि देवनागरीत एकाच नावाची चार स्पेलिंगं होतात.

काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा संगणक. मोबाईलवर नोंदी भरता येतात, पण उतरंड बांधायला मोठा पडदा हवा.
- ऑब्सिडियन. फुकट आहे, फायली साध्या मजकुराच्या असतात आणि आपल्याच यंत्रावर राहतात.
- जातींची आजची नावं तपासायला लंडनच्या क्यू उद्यानाचं ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ.
- आपल्या जिल्ह्याची किंवा राज्याची वनस्पतींची यादी, छापील असली तरी चालेल.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि खिशात मावणारी कागदी डायरी. पावसात मोबाईल काढता येत नाही, पेन्सिल चालते.

१. आधी शब्द पक्के करा

शाळेत शिकलेली उतरंड आठवा: सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. गोंधळ शेवटच्या दोन पायऱ्यांवर होतो. वर्तमानपत्रात ‘फुलांच्या ८५० प्रजाती’ असं छापून येतं तेव्हा त्यांना जाती म्हणायच्या असतात. शास्त्रीय मराठीत प्रजाती ही वरची पायरी आणि जाती तिच्या खालची. फायकस ही प्रजाती. वड, पिंपळ, उंबर या तिच्यातल्या तीन जाती. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मोडू नका, कारण पुढे गणती करताना एक शब्द दोन अर्थांनी वापरला गेला असेल तर सगळे आकडे चुकतात.

नावाच्या शेपटीवरून पायरी ओळखता येते. गणाचं नाव ‘एलीझ’ने संपतं, कुलाचं ‘एसी’ने. याला आठ कुलांचा अपवाद आहे. त्यांची जुनी नावंही नियमाने वैध आहेत, आणि जुन्या पुस्तकात ती हमखास भेटतील: ग्रॅमिनी म्हणजे पोएसी, कॉम्पोझिटी म्हणजे ॲस्टरेसी, लेग्युमिनोसी म्हणजे फॅबेसी, पामी म्हणजे ॲरेकेसी, लेबिएटी म्हणजे लॅमिएसी, अंबेलिफेरी म्हणजे एपिएसी, क्रुसिफेरी म्हणजे ब्रॅसिकेसी, गटिफेरी म्हणजे क्लुसिएसी. यांची वेगळी पानं करू नका. एकाच कुलाची ही दोन नावं आहेत.

२. एकच आधार निवडा

आपल्याकडची बरीचशी जुनी पुस्तकं आणि वनस्पती-संग्रह बेंथम आणि हूकर यांच्या पद्धतीने लावलेले आहेत. ती पद्धत १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झाली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथही (१९०१ ते १९०८) तिच्यावरच उभा आहे. आजचं वर्गीकरण डीएनएच्या आधारावर आहे. सपुष्प वनस्पतींसाठी एपीजी या गटाने ते १९९८, २००३, २००९ आणि २०१६ अशा चार वेळा मांडलं. २०१६च्या मांडणीत ६४ गण आणि ४१६ कुलं आहेत.

गण आणि कुलासाठी एपीजीची चौथी मांडणी, प्रजाती आणि जातीसाठी क्यूचं संकेतस्थळ, असं मी ठरवून टाकलं आहे. तुम्ही दुसरं निवडा, पण एकच निवडा. आज एका ठिकाणाहून आणि उद्या दुसऱ्या ठिकाणाहून नाव उचललंत की एकच झाड वहीत दोनदा उगवतं.

शिंदळ माकुडीचं पाहा. शिवनेरी-जुन्नरकडच्या कड्यांवरची ही देखणी, मांसल वनस्पती. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया नाव मिळालं. पुढे कुणी तिला कॅरालुमात घातलं, कुणी बौसेरोसियात. अभ्यासकांचं आजही एकमत नाही आणि तो वाद आपल्या वहीत सुटणार नाही. निवडलेल्या आधाराप्रमाणे एक नाव पानाला द्या, बाकीची त्याच पानावर नोंदवा आणि नाव कधी तपासलं ती तारीख लिहा.

३. फोल्डर चारच, उतरंड दुव्यांत

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं ते हेच.

नवखा माणूस पहिल्यांदा काय करतो, तर गणाचा फोल्डर, त्यात कुलाचा, त्यात प्रजातीचा आणि त्यात जातीची फाईल. दिसायला छान दिसतं. पण फोल्डर एका वेळी एकाच जागी राहू शकतो. वर्गीकरण बदललं की आख्खं घर हलवावं लागतं. शिवाय विंडोजमध्ये फाईलच्या पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी अजून आडवी येते, आणि सहा-सात फोल्डर खोल गेलेली लांब लॅटिन नावं ती सहज गाठतात. टॅगांची उतरंड केली तरी तीच अडचण, फक्त वेगळ्या रूपात.

म्हणून फोल्डर चारच ठेवा: ‘वर्गीकरण’, ‘नोंदी’, ‘फोटो’, ‘संदर्भ’. गणापासून जातीपर्यंतची सगळी पानं पहिल्या फोल्डरमध्ये सपाट पडू द्या. हजार फायली एका ठिकाणी पाहून जीव दडपेल, पण आपण फायली डोळ्यांनी शोधणारच नाही.

उतरंड बांधायची ती अशी: प्रत्येक पानावर फक्त लगतच्या वरच्या पायरीचा दुवा लिहायचा. त्यापलीकडचं काहीही लिहायचं नाही. रुईच्या पानावर वरची पायरी म्हणून कॅलोट्रोपिस. कॅलोट्रोपिसच्या पानावर ॲपोसायनेसी. ॲपोसायनेसीच्या पानावर जेन्शिएनेलीझ. रुईच्या पानावर कुलाचं नाव नाही, गणाचं तर नाहीच.

जातीच्या पानाचं डोकं माझ्याकडे असं दिसतं (‘पॅरेंट’ म्हणजे लगतची वरची पायरी; इथे देवनागरीत लिहिलं आहे, वहीत रोमन लिपीत आहे):

रँक: जाती
पॅरेंट: "[[कॅलोट्रोपिस]]"
तपासलं: २०२४-०८-११
आधार: क्यू

आता रुईचा गट ॲस्क्लेपिएडेसीतून ॲपोसायनेसीत हलवायचा झाला तर? माझ्याकडे त्या गटाच्या मोजक्याच प्रजातींची पानं आहेत. त्यांच्यावरची एकेक ओळ बदलली की काम झालं. खालच्या जातींच्या पानांना हातही लागत नाही, कारण त्यांना आपली प्रजाती तेवढी ठाऊक आहे. पहिल्या वहीत ज्याला दोन संध्याकाळी गेल्या, ते चहा निवेपर्यंत होतं.

दुसरा फायदा असा की पायऱ्यांची संख्या ठरलेली असावी लागत नाही. कुठे उपकुल हवं, कुठे नको. जिथे हवं तिथे मधे घाला.

इथे तीन खड्डे आहेत. एक, हे तपशील कच्च्या मजकुरात टाइप करत असाल तर दुव्याभोवती अवतरणचिन्हं द्यायला विसरू नका, नाहीतर ॲप त्याला दुवा मानणार नाही. दोन, या तपशिलांची नावं (माझी ‘रँक’, ‘पॅरेंट’) रोमन लिपीत ठेवा. देवनागरीतल्या काना-मात्रांमुळे पुढे क्वेरी, म्हणजे वहीला विचारलेले प्रश्न, अडखळू शकतात. तीन, कुलाच्या पानावर त्यातल्या प्रजातींची यादी हाताने करत बसू नका. ॲपमध्येच असलेल्या ‘बेसेस’ या सोयीला ‘ज्यांचा पॅरेंट हे पान आहे ती पानं दाखव’ असं सांगून ठेवलं की यादी आपोआप तयार राहते.

कुलातल्या जाती थेट मोजायच्या असतील तर ‘डेटाव्ह्यू’ हे प्लगइन घ्या. त्यात ‘पॅरेंट.पॅरेंट’ असं लिहिलं की ते दोन पायऱ्या वर चढून पाहतं. मधे उपकुल असेल तर तीन पायऱ्या चढावं लागतं, म्हणून क्वेरीत दोन्ही शक्यता लिहा.

४. वही खालून वर भरा

क्यूकडे जगभरातल्या वनस्पतींची संपूर्ण यादी उतरवून घेता येते, साडेतीन लाखांच्या घरात जाती. ती वहीत ओतायचा मोह होतो. ओतू नका. ४१६ कुलांची कोरी पानंही आधीच करून ठेवू नका. न पाहिलेल्या झाडांच्या गर्दीत पाहिलेली हरवतात. झाड दिसलं, ओळखलं, मगच पान.

सरावासाठी घराजवळची पाच झाडं घ्या: बहावा, गुलमोहर, चिंच, पांगारा, करंज. पाचही फॅबेसीतली. बहाव्याला चार पानं करावी लागतील: जाती, तिची प्रजाती कॅसिया, कुल फॅबेसी, गण फॅबेलीझ. पुढच्या प्रत्येक झाडाला मात्र दोनच, कारण कुल आणि गण आधीच तयार आहेत. पाच झाडं, बारा पानं. वही जसजशी भरते तसतसं काम कमी होत जातं.

आता याच पाच झाडांवर उपकुल मधे घालून पाहा. जुनी पुस्तकं या कुलाचे तीन भाग करतात. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी सहा उपकुलं मांडली. बहावा आणि गुलमोहर सिझाल्पिनिऑइडीत (बाभूळही आता त्यातच), पांगारा आणि करंज पॅपिलिओनॉइडीत, चिंच डिटॅरिऑइडीत. तीन नवी पानं करा, त्यांचा पॅरेंट फॅबेसी, आणि पाच प्रजातींच्या पानांवरची पॅरेंटची ओळ बदला. बहाव्याचं स्वतःचं पान उघडावंच लागलं नाही, हे स्वतः करून पाहिलंत की तिसरी पायरी कायमची डोक्यात बसेल. पुढे आपटा आणि कांचन आले की त्यांच्यासाठी सर्सिडॉइडी लागेल. एवढ्या मोठ्या कुलात उपकुलाचा उपयोग होतो. लहान कुलांत मी ते करत नाही.

५. नावं: जुनी, नवी आणि गावची

ऑब्सिडियनमध्ये ‘एलियसेस’ नावाचा तयार रकाना आहे. एका पानाला कितीही टोपणनावं देता येतात आणि त्यातलं कुठलंही टाइप केलं की पान सापडतं. जुनी शास्त्रीय नावं आणि मराठी नावं सगळी तिथे जातात. तामणाच्या पानावर तामण, जारूळ, मोठा बोंडारा. कारवीच्या पानावर स्ट्रोबिलँथस कॅलोसा हे मुख्य नाव आणि कार्व्हिया कॅलोसा हे दुसरं, कारण बऱ्याच पुस्तकांत ते दुसरंच भेटतं.

मराठी नाव लिहिताना ते कुठे ऐकलं हेही पानाच्या मजकुरात लिहा. घाट उतरला की नाव बदलतं. गुराखी, कातकरी, वैदू यांच्याकडून मिळालेलं नाव पुस्तकात सापडेलच असं नाही, आणि ते तुमच्याकडून सुटलं तर कदाचित कुठेच नोंदलं जाणार नाही.

एक नाव आणि अनेक वनस्पती, असं असेल तर काय? शंखपुष्पी घ्या. कुणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस दाखवतं, कुणी इव्हॉल्व्ह्युलस, कुणी गोकर्ण. औषधी वनस्पतींच्या बाबतीत ही गफलत धोक्याची आहे. अशा वेळी ‘शंखपुष्पी’ हे टोपणनाव कुणालाच देऊ नका. त्या नावाचं स्वतंत्र पान करा आणि त्यावर तिन्ही जातींचे दुवे, कोण कोणाला शंखपुष्पी म्हणतं त्यासह.

आणि आता खास मराठीतला खड्डा, ज्यात मी बराच काळ अडकलो होतो. एके दिवशी ‘कोऱ्हांटी’ शोधलं तर वही म्हणाली, सापडत नाही. पान तर समोर उघडं होतं. कारण असं की ‘ऱ्ह’ संगणकात दोन तऱ्हांनी साठतो, तुमच्या कीबोर्डवर अवलंबून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, शोधताना मात्र वेगळे. ‘ॲ’चंही तेच: एक अखंड अक्षर असतं, दुसरं ‘अ’ला चंद्र जोडून केलेलं. मी लॅपटॉपवर एका कीबोर्डने आणि मोबाईलवर दुसऱ्याने लिहीत होतो. उपाय दोन. दोन्हीकडे एकाच पद्धतीचा कीबोर्ड वापरा. आणि ज्या नावांत ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ किंवा ‘ॲ’ आहे ती दोन्ही रूपांत टोपणनावांत टाका.

६. पाहिलेलं वेगळ्या पानावर

वर्गीकरणाचं पान हे झाडाच्या जातीचं असतं. तुम्ही अमुक दिवशी अमुक ठिकाणी काय पाहिलं, ते ‘नोंदी’ फोल्डरमध्ये वेगळ्या पानावर. तारीख, परिसर, उंची, अधिवास, फूल होतं की फळ, आणि वर्गीकरणाच्या पानाचा एक दुवा.

हा दुवा जातीलाच द्यायला हवा असं नाही. आषाढात सड्यावर एखादं गवत भेटलं आणि पोएसीपलीकडे काही कळलं नाही, तर दुवा पोएसीला द्या. गेंद आहे एवढं कळलं, कुठला ते नाही, तर इरिओकॉलॉन या प्रजातीला. ओळख पक्की झाली की दुवा खाली सरकवा. अंदाजाने जात ठोकून देणं हा वहीतला सगळ्यात वाईट दोष आहे, कारण वर्षभराने तो अंदाज होता हे तुमच्याही लक्षात राहत नाही.

दुर्मीळ वनस्पतींच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. कंदीलपुष्पांचे कंद खणून नेले जातात, आमरी (ऑर्किड) झाडावरून ओरबाडल्या जातात. अशा जातींची नेमकी जागा वहीच्या वाटल्या जाणाऱ्या भागात लिहू नका. तालुका पुरे. मोबाईलच्या फोटोतच अक्षांश-रेखांश दडलेले असतात. फोटो कुणाला पाठवण्याआधी ते काढून टाका.

७. नाव बदललं की या क्रमाने जा

बाभूळ आणि खैर दोघेही पूर्वी अकेशिया. ते नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या गटाकडे ठेवायचं, असा निर्णय २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला कायम राहिला. आपली बाभूळ व्हॅशेलिया झाली, खैर सेनेगॅलिया. शिकेकाईही सेनेगॅलियात गेली, आणि तिचं तर जातीचं नावही बदललं. असं काही कळलं की:

१. आधी जुनं नाव टोपणनावांत टाका.
२. नवी प्रजाती वहीत नसेल तर तिचं पान करा.
३. मग फाईलचं नाव बदला, आणि ते ॲपच्या आतूनच बदला. तिथून बदललंत तर वहीतले सगळे दुवे आपोआप सुधारतात. बाहेर फोल्डरमध्ये जाऊन बदललंत तर तुटतात.
४. पॅरेंटची ओळ आणि तपासल्याची तारीख बदला.

कुलाच्या पानावर ‘जुन्या पुस्तकात’ असा एक परिच्छेद ठेवा. माल्वेसीच्या पानावर माझ्याकडे लिहिलं आहे: काटेसावर पूर्वी बॉम्बेकेसीत, धामण टिलिएसीत, मुरुडशेंग स्टर्क्युलिएसीत. लॅमिएसीच्या पानावर: साग आणि निर्गुडी पूर्वी व्हर्बिनेसीत. सगळ्यात मोठी फाटाफूट लिलिएसीची झाली. कळलावी कोल्चिकेसीत गेली, सफेद मुसळी आणि रानकांदा ॲस्पॅरॅगेसीत, कोरफड ॲस्फोडेलेसीत, कांदा-लसूण ॲमॅरिलिडेसीत. हे एकदा लिहून ठेवलं की जुना ग्रंथ उघडून बसताना अडत नाही.

बदल शोधत रोज फिरू नका. मी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्याआधी सगळी नावं तपासतो.

८. नक्कल

वही दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडी ठेवून लिहू नका. एकाच पानाच्या दोन आवृत्त्या तयार होतात. मोठे फोटो वहीत घालण्याआधी लहान करा आणि मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर ठेवा. आठवड्यातून एकदा आख्ख्या वहीची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. महिन्यातून एकदा ती नक्कल प्रत्यक्ष उघडून पाहा: रुईचं पान उघडा आणि पॅरेंटच्या दुव्यावर टिचकी मारत वर चढा. कॅलोट्रोपिस, ॲपोसायनेसी, जेन्शिएनेलीझ. तिथवर पोहोचलात तर नक्कल शाबूत आहे.